दूर बसलेल्याचा आवाज

करोनाच्या साथीनंतर कार्यालयीन भाषेत 'हायब्रिड' हा शब्द स्थिरावला. निम्मे लोक सभागृहात, उरलेले आपापल्या घरी किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि सर्वांची मिळून एकच बैठक, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. बेंगळुरूत तर या सोयीवाचून आता गत्यंतर राहिलेले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पावसाने आउटर रिंग रोडचा परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा तेथील कंपन्यांचे काम घरोघरच्या पडद्यांवरून चालले. त्याआधी व त्यानंतर सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही कार्यालयांत मोठे पडदे, कॅमेरे आणि माइक यांची भरपूर खरेदी झाली. या खरेदीच्या वेळी एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. दूर बसलेल्या माणसाला या बैठकीत काय करायचे आहे, आणि ते त्याला या यंत्रामुळे करता येईल काय?

हा प्रश्न साथीबरोबर आलेला नाही. कर्नाटकात त्याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात इस्रोने 'साइट' या नावाने उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर उसना मिळाला होता. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवले गेले. कर्नाटकातून विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे निवडले होते, म्हणजे पहिले दोन आपल्या सोलापूरचे शेजारीच. या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक डॉ. एकनाथ चिटणीस होते. ग्रामीण माणसाच्या गरजेचा विचार त्यात मनापासून केलेला होता. वीज नसलेल्या गावांसाठी बॅटरीवर चालणारे संच होते, कार्यक्रम त्या त्या भागाच्या भाषेत होते, आणि परिणाम अभ्यासण्यासाठी समाजशास्त्राचे अभ्यासक काही गावांत मुक्कामाला राहिले होते. पण गावकऱ्याला उलट काही विचारायचे झाले तर त्याच यंत्राने ते विचारता येत नव्हते. १९७५ साली तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. तरीही मध्यभागी बोलणारा आणि कडेला ऐकणारा, अशी मांडणी तेव्हा झाली, आणि पुढे तंत्र बदलले तरी ती सुटली नाही.

१९९५ पासून इस्रोने प्रशिक्षणासाठी एक स्वतंत्र उपग्रह वाहिनी उपलब्ध करून दिली. तिचे वर्णन 'एकेरी चित्र, दुहेरी आवाज' असे केले जाई. स्टुडिओतील तज्ज्ञ सर्वांना दिसे. प्रशिक्षणार्थी त्याला दिसत नसत, पण दूरध्वनीवरून प्रश्न विचारू शकत. कर्नाटकात निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी ही पद्धत वापरली गेली. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट अवकाशात गेला. त्याच्या पूर्वतयारीचे प्रयोग ज्या संस्थांबरोबर झाले, त्यांत बेळगावचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ या दोन्हींचा समावेश होता.

आता प्रश्न विचारण्याची सोय झाली, तर प्रश्न भरपूर यावेत. प्रत्यक्षात अशा वर्गांत प्रश्न मोजके येतात, आणि तेही ठराविक केंद्रांवरून. याचे कारण ग्रामीण माणसाच्या संकोचात शोधण्याची आपल्याला सवय आहे. काही कारण भौतिकशास्त्रातही आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागतो आणि उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद होतो. हा काळ ऐकायला क्षुल्लक वाटेल. परंतु जगातील अनेक भाषांतील संभाषणांचा अभ्यास असे दाखवतो की, एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरीने सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढेच असते. म्हणजे समोरासमोर बसलेली दोन माणसे, दूरच्या माणसाला 'आता जागा रिकामी झाली' हे कळण्यापूर्वीच ती भरून टाकतात. दूरचा बोलू लागतो तेव्हा तिकडे कोणीतरी आधीच बोलत असते. तो थांबतो. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा प्रयत्न करत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने चांगल्या संभाषणासाठी एका दिशेचा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा अशी शिफारस केली आहे, ती याच जातीच्या अडचणी लक्षात घेऊन.

उपग्रह जाऊन फायबर आले. विलंब पुष्कळ कमी झाला. तथापि घरचे वायफाय आणि आवाजावर प्रक्रिया करणारी संगणकीय आज्ञावली यांनी त्यात थोडी भर पुन्हा घातली, आणि 'म्यूट'चे बटण शोधून दाबण्यात जो वेळ जातो तो तर उपग्रहाच्या फेरीपेक्षाही मोठा असतो. जुन्या स्पीकरफोनमध्ये आणखी एक खोड होती. प्रतिध्वनी टाळण्यासाठी ते एका वेळी एकाच बाजूचा आवाज जाऊ देत. ज्या बाजूला गलका अधिक, ती बाजू जिंकणार. सभागृहात पंधरा माणसे आणि पलीकडे एक, अशा स्थितीत कोण जिंकत असे हे सांगण्याची आवश्यकता नाही. शिवाय सभागृहात बसलेला माणूस दोन कानांनी ऐकतो, त्यामुळे पंख्याची घरघर आणि शेजाऱ्याची कुजबुज बाजूला सारून त्याला अध्यक्षांचे बोलणे वेगळे काढता येते. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या एका माइकला ते जमत नाही. तो सर्वांची खिचडी करून पाठवतो, आणि आतल्यांना सर्व स्वच्छ ऐकू येत असल्यामुळे तक्रार कशाबद्दल आहे हेच त्यांना उमगत नाही.

खाजगी क्षेत्राची कहाणी वेगळ्या वाटेने जाऊन जवळपास त्याच ठिकाणी पोचते. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बेंगळुरूत आली आणि तिने स्वतःचा उपग्रह दुवा उभारला. त्याची सामग्री बैलगाडीतून नेल्याची हकिकत या शहरात अजून कौतुकाने सांगतात. तो दुवा मुख्यतः संगणकीय आराखडे पाठवण्यासाठी होता. माणसांच्या भेटीगाठी मागाहून आल्या. थॉमस फ्रीडमन यांच्या २००५ सालच्या गाजलेल्या पुस्तकाच्या आरंभी इन्फोसिसच्या आवारातील एका सभागृहाचे वर्णन आहे. भिंतभर पडदा, त्यावर एकाच वेळी जगभरचे सहकारी, आणि वर आठ ठिकाणची वेळ दाखवणारी घड्याळे. ती घड्याळे मला पडद्यापेक्षा अधिक बोलकी वाटतात. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा बेंगळुरूत रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. वेळ कोणाची धरायची हे कोणत्याही यंत्राने ठरवले नाही. ते ज्याच्या हाती पैसा त्याने ठरवले, आणि बेंगळुरूच्या कित्येक घरांतील रात्रीचे जेवण त्याप्रमाणे पुढेमागे झाले.

ऑक्टोबर २००६ मध्ये सिस्को कंपनीने 'टेलिप्रेझेन्स' बाजारात आणले, आणि पुढच्याच वर्षी बेंगळुरूत आपले जागतिक केंद्र उघडले. माझ्या मते या यंत्राकडे इतिहासाने अधिक आदराने पाहावे. दूरचा माणूस पडद्यावर खऱ्या आकाराचा दिसावा, त्याच्याशी नजरेला नजर भिडावी, तो ज्या बाजूला दिसतो त्याच बाजूने त्याचा आवाज यावा, दोन्हीकडच्या भिंतींचा रंग आणि प्रकाश सारखा असावा, एवढा विचार त्यात होता. दोन्ही खोल्या सारख्या असल्यामुळे कोणी दूरचा आणि कोणी जवळचा राहत नसे. तीन पडद्यांच्या संचाची किंमत सुमारे तीन लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वा कोटी रुपयांहून अधिक होती. साहजिकच ही समता ज्यांना तशी खोली परवडेल त्यांच्यापुरती राहिली. टोरोंटो विद्यापीठात अॅबिगेल सेलेन आणि बिल बक्स्टन यांनी १९९० च्या सुमारास याहून साधी युक्ती करून पाहिली होती. दूरच्या प्रत्येक सहभागी व्यक्तीसाठी टेबलाभोवतीच्या एकेका जागी एक छोटा पडदा, एक कॅमेरा आणि एक स्पीकर ठेवायचा. मग तिच्याकडे वळून बोलता येते, आणि रिकामी खुर्ची विसरली जाते तशी ती विसरली जात नाही. ही कल्पना बाजारात रुजली नाही. भिंतीवरचा एक भव्य पडदा उद्घाटनाच्या छायाचित्रात अधिक चांगला दिसतो, हेही त्याचे एक कारण असावे.

शासनात दूरदृश्य प्रणाली आली ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जाळ्यावरून. १९९० च्या दशकाअखेर आंध्र प्रदेशात मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू जिल्हाधिकाऱ्यांशी या मार्गाने बोलत, त्याची देशभर चर्चा झाली आणि इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. पूर्वी बैठक बोलावायची म्हणजे चाळीस अधिकाऱ्यांचा दौरा, प्रवासभत्ता, दैनिक भत्ता, मुक्कामाची सोय. हा खर्च कोणाच्या तरी लेखाशीर्षाखाली दिसे आणि त्यावर लेखापरीक्षणात आक्षेपही येई. त्यामुळे बैठका जपून बोलावल्या जात. दूरदृश्य प्रणालीने बोलावणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. येणाऱ्याचा खर्च मात्र तसाच राहिला. चाळीस जणांची दोन तासांची बैठक म्हणजे ऐंशी तास, अर्थात एका माणसाचे दहा पूर्ण कामाचे दिवस. ते कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत. जी वस्तू वापरणाऱ्याला फुकट आणि दुसऱ्याला महाग पडते तिचा वापर बेसुमार होतो, हा नियम धुरापासून भोंग्यापर्यंत सर्वत्र लागू आहे. बैठकांनी त्याला अपवाद का ठरावे?

याला एक चांगला अपवादही नोंदवला पाहिजे. २५ मार्च २०१५ रोजी सुरू झालेल्या 'प्रगती' या व्यवस्थेत पंतप्रधान, केंद्रीय सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव पडद्यावर एकत्र येतात. आरंभीच्या रचनेनुसार बैठकीच्या सात दिवस आधी विषय संगणकावर टाकले जात, संबंधितांनी तीन दिवसांत लेखी उत्तर द्यायचे असे, आणि त्यानंतर त्या उत्तरांची छाननी होई. कौतुक पडद्याचे झाले. पण पडद्यासमोर बसण्यापूर्वीच राज्याचे म्हणणे अक्षरांत नोंदले गेलेले असे, ही त्यातली मोलाची बाब. ज्याला बोलण्याची पाळी मिळाली नाही त्याचेही म्हणणे फाइलीत राहते. याच नमुन्यावर खालच्या पातळीवर ज्या बैठका निघाल्या त्यांनी पडदा घेतला, सात दिवस मात्र घेतले नाहीत. विषयपत्रिका आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आणि बैठक सकाळी, असाच सर्वसाधारण अनुभव आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा घरून बैठकीला बसणे कायद्याच्या दृष्टीने किती अवघड होते हे आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. सार्वजनिक दूरध्वनीचे जाळे आणि कंपनीच्या खाजगी जाळ्यावरील आवाज यांची सरमिसळ होऊ नये, कारण त्याने परवानाधारक दूरसंचार कंपन्यांचा व पर्यायाने सरकारचा महसूल बुडतो, या विचारावर दूरसंचार विभागाचे नियम उभे होते. कॉल सेंटरसारख्या सेवांच्या कर्मचाऱ्याने घरून काम करायचे तर ते घर कार्यालयाचाच भाग समजून आधी मान्य करून घ्यावे लागे आणि एक कोटी रुपयांची अनामत द्यावी लागे. १३ मार्च २०२० रोजी या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या, ५ नोव्हेंबर २०२० रोजी नवे नियम आले आणि २३ जून २०२१ रोजी ते आणखी सैल झाले. बेंगळुरूतील लक्षावधी लोकांचे हायब्रिड काम या तीन तारखांवर उभे आहे. उद्योगाच्या इतिहासात नव्या यंत्रांची नावे येतात; एका विभागाने मागे घेतलेल्या परिपत्रकाची नोंद सहसा होत नाही, म्हणून येथे ती मुद्दाम केली आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये गृह मंत्रालयाने झूम हे व्यासपीठ सरकारी कामासाठी सुरक्षित नसल्याचे कळवले, आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने देशी पर्यायासाठी स्पर्धा जाहीर केली. तिच्या अटींत कमी आणि अधिक अशा दोन्ही बँडविड्थवर चालावे आणि यंत्रावर भार कमी पडावा, असे मुद्दे होते. हे मुद्दे दूरच्या माणसाच्या बाजूचे आहेत. केरळातील आलप्पुळा येथील टेकजेन्शिया या छोट्या कंपनीने ही एक कोटी रुपयांची स्पर्धा जिंकली.

दूरच्या माणसाचा विचार सर्वांत काटेकोरपणे न्यायालयांनी केला आहे, हे मला नोंदवावेसे वाटते. याची सुरुवात महाराष्ट्रातील एका खटल्यातून झाली. मुंबईतील एका वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष हवी होती. साक्ष देण्यास ते तयार होते, भारतात येण्यास नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने पडद्यावरील साक्षीला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी, महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या निवाड्यात, आरोपीच्या 'उपस्थिती'त साक्ष होणे म्हणजे शरीराने एकाच खोलीत असणेच नव्हे, असे ठरवले. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने दूरदृश्य सुनावणीचे नमुना नियम केले आणि कर्नाटक उच्च न्यायालयानेही त्या वर्षी आपले नियम केले. तेव्हा तेथे मुख्य न्यायमूर्ती अभय ओक होते. नमुना नियमांत एक कलम असे आहे की, दूरच्या ठिकाणचा माणूस स्पष्ट दिसतो व ऐकू येतो, आणि त्यालाही न्यायालय स्पष्ट दिसते व ऐकू येते, याची खात्री न्यायालयाने स्वतः करून घ्यावी. ही जबाबदारी तंत्रज्ञावर टाकलेली नाही, दूरच्या माणसावरही टाकलेली नाही. ती अध्यक्षस्थानावर आहे. दूरच्या माणसाला न ऐकता निकाल दिला तर निकालच दूषित होतो, हे न्यायालयाला ठाऊक असते. कार्यालयीन बैठकीत तसे काही घडत नाही. 'सर्वांनी सहमती दर्शवली' असे इतिवृत्तात लिहून पुढच्या विषयाकडे जाता येते.

न्यायालयांची वाटही सरळ नव्हती. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कोणत्याही उच्च न्यायालयाने वकिलांना वा पक्षकारांना हायब्रिड सुनावणी नाकारू नये, असा आदेश दिला. पुरते दोन महिनेही झाले नव्हते तोच डिसेंबरच्या आरंभी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या चालू सुनावणीत कोणा समाजकंटकांनी शिरून पडद्यावर अश्लील चित्रे दाखवली. निपाणीत जन्मलेले तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांना ही सोय काही काळ बंद ठेवावी लागली. धारवाड आणि कलबुर्गी येथे खंडपीठे असलेल्या या न्यायालयात अशा बंदीचा फटका कोणाला बसतो हे नकाशा पाहिला तरी कळेल. खुले दार आणि पहारा यांतला हा पेच अद्याप कोणी पुरता सोडवलेला नाही.

याच वर्षी आणखी दोन घटना घडल्या. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत घटनापीठासमोरील युक्तिवाद प्रथमच बोलता बोलता पडद्यावर अक्षरांत उमटले. ते तंत्र बेंगळुरूच्या 'टेरेस' या कंपनीचे होते. आणि सप्टेंबरमध्ये बेंगळुरूच्या कर्णबधिर वकील सारा सनी सर्वोच्च न्यायालयाच्या आभासी सुनावणीत सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह सहभागी झाल्या. पडद्यावर चौकट मिळण्यास प्रारंभी नियंत्रण कक्षाकडून अडचण आली, ती सरन्यायाधीशांच्या परवानगीने दूर झाली. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात दुभाष्यामार्फत बाजू मांडली. या प्रसंगी नवे यंत्र काही लागले नाही. पडद्यावरची एक चौकट कोणाला द्यायची, एवढाच निर्णय होता.

आता आपल्या कार्यालयांकडे येऊ. माझ्या पाहण्यातल्या निविदांत पडदा किती इंचांचा, कॅमेरा किती पिक्सेलचा, हमी किती वर्षांची, हे सर्व असते. स्वीकृती चाचणी नव्या सभागृहातच होते. पुरवठादाराचा माणूस आणि खरेदी करणारा अधिकारी तेथेच उभे राहून 'हॅलो, हॅलो' म्हणतात आणि देयक मंजूर होते. ही चाचणी दुसऱ्या टोकाहून घ्यावी, अशी माझी सूचना आहे. बीदर किंवा कारवारच्या एखाद्या उपकार्यालयातील लिपिकाने आपल्या साध्या मोबाइलवरून, पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी बैठकीत यावे. सभागृहात दहाजण नेहमीसारखे बोलत असावेत, वातानुकूलन चालू असावे. टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवरून उच्चारलेले पाच आकडे त्याने कागदावर उतरवावेत, आणि मग बोलणाऱ्याला मध्येच थांबवून एक प्रश्न विचारून दाखवावा. आकडे चुकले किंवा त्याला थांबवता आले नाही, तर देयक रोखावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. निविदेच्या तपशिलात चार ओळींची भर घालावी लागेल, आणि चाचणीच्या अहवालावर पुरवठादार व खरेदी अधिकारी यांच्या बरोबरीने त्या लिपिकाची सही घ्यावी लागेल.